भिंतीपलीकडचा श्वास

३ मार्च
आले एकदाची. पोर्ट ऑगस्टाच्या घरासमोरून दिवसभर ट्रक जायचे, त्यांची घरघर प्रत्येक ध्वनिमुद्रणात यायची. प्रकाशकांनी मी वाचलेली दोन बोलकी पुस्तकं परत पाठवली. हे तिसरं, शेवटची संधी. म्हणून कूबर पीडी या ऑस्ट्रेलियन वाळवंटातल्या खाणगावात टेकडीच्या पोटात कोरलेलं घर भाड्याने घेतलंय. बाहेर त्रेचाळीस अंश, आत गारवा. घरमालकीण द्रागित्सा ऐंशीची आहे. येतानाच कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं भांडं घेऊन आली. म्हणाली, इथे कितीही ओरडलीस तरी शेजाऱ्याला ऐकू जात नाही, पोरी. मी म्हटलं, मला तेच हवंय.

५ मार्च
मागची खोली निवडली. भिंतींवर रजया टांगल्या, दाराला गादी टेकवली, फ्रीज बंद केला. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, जरा तिरका. जिभेची चटचट येऊ नये म्हणून वाचण्याआधी हिरवं सफरचंद खाल्लं. तीन प्रकरणं झाली. अ‍ॅडलेडहून केल्विनचा फोन आला. माझी मुद्रणं तोच साफ करतो. म्हणाला, कुठला स्टुडिओ गाठलास गं, डेल्मा? दिवसभर खूश होते.

८ मार्च
प्रत्येक प्रकरणाआधी रिकाम्या खोलीची अर्धं मिनिट शांतता ध्वनिमुद्रित करावी लागते. केल्विन म्हणतो, तीत श्वास ऐकू येतोय, जरा श्वास रोखून बस. आज यंत्र चालू ठेवून मी घराबाहेर उन्हात उभी राहिले. परत येऊन ऐकलं. श्वास होताच. छतातून वर जाणाऱ्या हवेच्या नळीत टॉवेल कोंबला, पुन्हा घेतलं. आता जास्तच स्पष्ट.

१० मार्च
तो जो कुणी आहे, माझं वाक्य सुरू व्हायच्या आधी श्वास घेतो. पुढे काय येणार हे ठाऊक असल्यासारखा.
द्रागित्साला विचारलं. तिने सांगितलं: मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडे जुनी खाण आहे. बावीस वर्षांपूर्वी ती ढासळली, आत तिचा भाऊ रात्को होता. दोन दिवस तो हाका मारत होता. आणखी खणलं तर घर कोसळेल म्हणून सगळे थांबले. तीही थांबली. मागची भाडेकरू शाळेत शिकवायची. या खोलीत मोठ्याने धडे वाचायची. आता ती बोलत नाही. द्रागित्सा म्हणाली, निघ पोरी, तो आवाज घेतो.
मी नाही म्हटलं. माझा नवरा डेस अठरा वर्षं मला हळू बोल, हळू बोल म्हणत राहिला. त्याला सोडून आले. भिंतीचं कोण ऐकतंय?

१२ मार्च
केल्विनने विचारलं, नववं प्रकरण कुणाकडून वाचून घेतलंस? मी ऐकलं. शब्द मी वाचलेलेच, पण पुरुषाचा घोगरा आवाज. माझा घसा बसलाय. मध, मिठाच्या गुळण्या, काही उपयोग नाही.
तरी दहावं प्रकरण वाचलं. ओरडून वाचलं.

१३ मार्च
आवाज गेला. ओठ हलतात, बाकी काही नाही. द्रागित्सा मला गाडीत बसवायला आली होती. रडत होती. मी कागदावर लिहून दिलं: कुदळ दे.
ती घेऊन आली. म्हणाली, तेव्हाच खणायला हवं होतं.

१४ मार्च, सकाळ
रजया काढून टाकल्या. दगड मऊ आहे, तांबडा. छताला बारीक चीर गेलीय. द्रागित्साला बाहेर उभं केलं, तिने आत यायचं नाही. मी थांबणार नाही —
भिंतीतून अकरावं प्रकरण ऐकू येतंय. मी अजून न वाचलेलं. माझ्या आवाजात. चांगलं वाचतोय मेला.

दुपार
भोक पडलं. मूठ जाईल एवढं. आतली हवा थंड —
वाचन थांबलं.
माझ्याच आवाजात म्हणतोय, थांबू नकोस. दोन दिवस हेच ओरडत होता का —
माती पडतेय. पडू दे. आवाज माझा आहे, आणि तो माणूसही आता माझाच —
डावा हात आत घातला. खांद्यापर्यंत. उजव्याने लिहितेय —
बोटं. कुणीतरी धरलंय. ओढतोय. मीही ओढतेय, सोडणार ना