हँडलखालचा सांधा

मैसूर,
ता. ८ सप्टेंबर १९३२, गुरुवार

चि. संताजीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत, तुमची खुशाली कळवणे. गौरीचा सण बरा झाला. होणाऱ्या व्याह्यांकडून, येसाजीरावांकडून, आमच्या जयलक्ष्मीला गौरीची साडी आली, मोतिया रंगाची. पोर दिवसभर आरशापुढून हलली नाही. लग्न माघात धरायचं म्हणतात. वेदवतीचा आता सातवा महिना ना? तिला जपा. जिना चढू देऊ नका.

आमच्या दुकानातला शेषगिरी दुपारच्या गाडीने तुमच्या कृष्णराजनगरला निघालाय. हे पत्र तो तुझ्या हातातच देईल. दुकानाच्या बाकावर बसून "स्वामी, टैम आयतु", वेळ झाली, वेळ झाली म्हणून डोकं खातोय. खाऊ दे. चार दिवस मी रोज कागद घेतो आणि सणाचं लिहून फाडतो.

तू त्या इटालियन सायकलवर बसू नकोस.

रविवारची येलवालची शर्यत सोड. सरावालाही काढू नकोस. आज सकाळी काढली असशील आणि धड घरी आला असशील, तर चामुंडीला नारळ फोड.

आता सांगतो. सायकल उत्तम आहे यात खोटं काही नाही. कुर्गच्या मळ्यावरचा साहेब मायदेशी जाताना येसाजीरावांना देऊन गेला, असला माल आपल्याकडे पुन्हा यायचा नाही. दोन बोटांवर उचलली जाते. लाकडी रिमा, डिंकाने चिकटवलेले टायर, मागच्या चाकाला दोन्हीकडे दातेरी चक्र. तू तर बघताक्षणीच वेडा झालास. "अण्णा, तुम्ही बघा, तुम्ही म्हणाल ते" म्हणालास आणि फिरवूनसुद्धा पाहिली नाहीस.

मी पाहिली. वीस वर्षं दुकानात सायकली पारखायचं हेच काम करतोय. हँडलखालच्या सांध्यावरचा हिरवा रंग बाकीच्यापेक्षा जरा गडद होता. नखाने खरवडला तर खाली पितळ, ओबडधोबड ओतलेलं. खिशातला रुपया काढून नळ्या वाजवल्या. वरची खणखणीत बोलली, खालची बद्द. अरे, बायका मडकंसुद्धा वाजवून घेतात! खालची नळी सांध्याशी तडकलेली आहे. सपाटीवर वर्षभर चालेल, नाहीतर येलवालच्या पहिल्या उतारावर पुढचं चाक निघून जाईल.

मान वर केली तर समोर रघुनाथ उभा. जयलक्ष्मीचा होणारा नवरा. हनुवटीवरची जखम अजून ओली होती. हीच सायकल घेऊन टेकडीच्या उतारावर पडला असणार, बापाला कळायच्या आत कुठेतरी डाग देऊन वर रंग फासला असणार. मला म्हणाला, "मामा, ऊन फार आहे, आत चला." आणि तेवढ्यात येसाजीरावांनी विचारलं, "एनु मनोहरराव, हेगिदे?" काय, कशी आहे?

मी म्हणालो, "परवागिल्ला."

आपल्या मैसूरचा हा शब्द मोठा सोयीचा. बरी आहे म्हणा, चालेल म्हणा, मला विचारू नका म्हणा. तू ऐकलंस ते "चांगली आहे". मी म्हणालो ते काय होतं, देवाला ठाऊक. येसाजीरावांनी किंमतही माझ्याच तोंडून काढवली आणि मी ऐंशी रुपये सांगितली, तू तिथेच मोजलीस. मोडता घातला तर सोयरीक मोडेल, एवढंच डोक्यात होतं. जयलक्ष्मीला एकवीस सरतंय, दोन ठिकाणं आधीच हुकलीत. पोरीच्या साडीसाठी मी तुझी मान पणाला लावली रे! लाज वाटते. जेवण जात नाही.

आज सकाळी जयलक्ष्मीला सगळं सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. तिने साडीची घडी घातली आणि विचारलं, "अप्पा, काकांना कळवलं का?" नाही म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मी उठून दौत शोधायला लागलो. मी स्वतः आलो असतो, पण तुझ्या दारात येऊन पुन्हा सणाचंच बोलत बसलो असतो.

सायकल येसाजीरावांकडे परत ने आणि हे पत्र त्यांच्यापुढे मोठ्याने वाच, रघुनाथ असताना. माझी भीड धरू नकोस. ते म्हणतील, मनोहररावांनी स्वतः बघून किंमत केली होती. म्हणून खाली तपासणी पुन्हा लिहून देतो, दुकानाच्या शिक्क्यासकट. सोयरिकीचं पुढे जे व्हायचं ते होवो.

इटालियन शर्यतीची सायकल, एक. हँडलखालचा सांधा फुटका, डाग देऊन झाकलेला. बसण्यास अयोग्य. किंमत भंगाराची. पहिली तपासणी खोटी होती, आणि ती मी जाणूनबुजून केली.

तपासणारा,
तुझा सख्खा थोरला भाऊ
मनोहरराव