नाल्यापलीकडची मतं

चि. अमृत यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

निकालाच्या दिवशी तुझा फोन आला. "अक्का, बठ्ठा मतदारसंघ राहू दे, पण तुमच्या वस्तीच्या बूथवर मला एकपण मत नाही? निदान तुनं तरी?" मी गप्प राहिले. आमदारकी गेली त्यापेक्षा ते गप्प राहणं तुला जास्त लागलं.

मतदानाच्या सकाळी मी देवीपुढे दिवा लावून तुलाच यश मागितलं होतं. मग रांगेत उभी राहिले. पुरुषांच्या रांगेत माझा लेक भूषण खाली मान घालून उभा होता. त्या पावसाळ्यात त्याची बायको मेघा बाळंतपणाला निघाली, नाल्याला पूर होता, आणि अलीकडच्या काठावरच बैलगाडीत तिने जीव सोडला. त्याआधी दोन वर्षं वस्तीतले लोक पुलासाठी तुझ्याकडे खेटे घालत होते. तू हसून म्हणालास, "एवढ्याशा वस्तीला पूल? अक्का, तू पण ना!"

बटणापुढे मला तुझं नाव दिसत होतं. हात तिकडे गेला नाही. भाऊ, मी माफी मागत नाही.

परवा आखाजीचा सण झाला. वस्तीतल्या सगळ्या लेकीसुनांना त्यांचे भाऊ माहेरी घेऊन गेले. मी पिशवी भरून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसले.

तुझी पत्रं आधी कार्यकर्ते वाचतात. मेघाचं नाव त्यांच्या तोंडी नको, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

पुढच्या वर्षी ये रे. आखाजीला भर उन्हाळ्यात नाला कोरडा असतो, तुझी गाडी थेट दारापर्यंत येईल.

तुझीच,
कमलअक्का