कॅसेट क्रमांक दोनशे बाराचा शेरा

नाना, सगळ्यात आधी माझी तक्रार नोंदवून घ्या. अख्ख्या हिंगोलीत तुमच्या टेपरेकॉर्डरला बसेल असा एक रबरी पट्टा मिळत नाही. सोनं मिळतं, प्लॉट मिळतात, साता समुद्रापलीकडची फळं मिळतात; पण बांगडीपेक्षा लहान, शेवयीएवढा जाड असा एक काळा पट्टा या शहरात कुणी ठेवत नाही. चार दुकानं फिरले. पहिल्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दुसऱ्यानं बाकीच्या गिऱ्हाइकांना थांबवून, हातातलं यंत्र उंच धरून, ही काय वस्तू आहे ते ओळखायला लावलं. तिसरा म्हणाला, "मॅडम, मोबाईल में सब है ना, काहून तकलीफ करून घेऊन राहिल्या?" चौथा दयाळू होता, त्यानं मला सायकलच्या दुकानात पाठवलं. तिथं जुन्या ट्यूबची बारीक चकती कापून मिळाली. ती बसते, पण यंत्र जरासं हळू फिरतं, त्यामुळे तुमचे सगळे थोर गायक पडसं झाल्यासारखे गातात. सरकारकडे दाद मागावी अशी ही बाब आहे, आणि एरवी मी त्यावर एक लेख पाडून मोकळी झाले असते. पण मला घाई होती. रविवारी सकाळी औंढ्याहून बुवा येणार होते, आणि त्यांना दोनशे बारा नंबरची कॅसेट ऐकायची होती.

तुमच्या कॅसेटी माझ्याकडेच आहेत. चारशे अकरा, एकही कमी नाही. तुमची हयात तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे गेली, आणि घरी येऊन तुम्ही दुसरी रेकॉर्ड रूम उघडलीत. दहा-दहा कॅसेटींचा एक बस्ता, लाल कापडात, वर गाठ, गाठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. जगात लोक गाणी गायकाच्या नावावर लावतात. तुम्ही वेळेवर लावलीत. सकाळचे बस्ते वरच्या फळीवर, दुपारचे मधल्या, तिन्हीसांजेचे खाली. शेजारच्या मास्तरांनी विचारलं होतं, असं कशाला? तुम्ही म्हणालात, "गायक कधीमधी आठवतो मास्तर, संध्याकाळ रोज होते." मी अजून तशीच ऐकते. एकदा वरच्या फळीवरची कॅसेट भर दुपारी लावली, तर दिवसभर शिळं जेवल्यासारखं वाटत राहिलं. महिन्यातून एकदा स्पिरिटच्या बोळ्यानं टेपचं हेड पुसते. कॅसेटीला हात लावण्याआधी हात धुते, आणि गाणं चालू असताना कुणी मीठ कुठंय विचारलं तर तोंडानं सांगत नाही, बोट दाखवते. नवरा म्हणतो, हे घर आहे की गाभारा. त्याला काय सांगणार, गाभाऱ्यात निदान घंटा तरी वाजवू देतात.

आणि ते रजिस्टर. क्रमांक, कोण गातं, कुठून आली, कधी ऐकली, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. काल मी ते काढलं, दोनशे बारावर बोट ठेवलं, आणि शेऱ्यात तुम्ही लाल शाईनं काय लिहून ठेवलंय ते पहिल्यांदा वाचलं. त्यावर येते. आधी तो दिवस.

मी दहावीत होते. पुढच्या खोलीत रेकॉर्डिंग होईना, कारण रस्त्यावरनं दर मिनिटाला ट्रक. म्हणून तुम्ही स्वयंपाकघर निवडलंत. आईनं सकाळी सहालाच स्वयंपाक उरकला, खिडकीला गोधडी लावली, कुकर बाहेर अंगणात ठेवला, जणू तो आपणहून शिट्टी मारेल. बुवा ओट्याला पाठ लावून बसलेत, मांडीवर हार्मोनियम, शेजारी त्यांचा तबलजी, आणि तुम्ही माठाच्या तिवईवर टेप ठेवून त्याच्यापुढे उकिडवे. मी दारात, श्वास धरून. औंढ्याच्या देवळाच्या वाटेवर बुवांचं बेलफुलांचं दुकान, संध्याकाळी भजन. रेडिओनं त्यांना कधी बोलावलं नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही. त्या दिवशी मात्र ते असं गायले की आईनं तोंडात पदर धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांचा आवाज कुठं नोंदला गेला असेल तर तो तेवढाच, आपल्या फोडणीच्या वासात. संध्याकाळी तुम्ही कॅसेटच्या माथ्यावरचे दोन्ही प्लास्टिकचे दात चाकूच्या टोकानं मोडलेत, म्हणजे आता तिच्यावर दुसरं काही भरता येणार नाही. मला म्हणालात, "हे झालं सील."

आता तुमची चूक सांगते, कारण माझी सांगायची तर तुमच्यापासूनच सुरुवात करावी लागते. रेकॉर्ड रूममधे तुम्ही एक शिकला होतात: सगळ्यात महत्त्वाचे कागद सगळ्यात फाटक्या बस्त्यात बांधायचे, म्हणजे चोराची नजर जात नाही. घरीही तेच केलंत. बाजारी कॅसेटींना चकचकीत डब्या, आणि दोनशे बाराला तडा गेलेली, बिनझाकणाची डबी, नाव नाही, फक्त आकडा. मी बारावीत असताना मैत्रिणीनं सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट आणली, संध्याकाळपर्यंत परत हवी म्हणाली. कोरी कॅसेट घरात नव्हती. तुम्ही ऑफिसात. मी खालच्या फळीवरची सगळ्यात भिकार दिसणारी कॅसेट उचलली. रजिस्टर पाहिलं नाही. पण मोडलेले दात पाहिले, नाना. पाहिले, आणि त्या भोकांत वहीच्या कागदाचे बोळे कोंबले, आणि बटण दाबलं.

तुम्हाला ते आठ दिवसांनी कळलं. तिन्हीसांजेला दिवा लावून झाला, तुम्ही मांडी घालून बसलात, आणि बुवांच्या जागी एक बाई पावसात नाचायला लागली. तुम्ही दुसरी बाजू लावली. तिथंही ती होतीच. पार टेप संपेपर्यंत तुम्ही ऐकत राहिलात, हललाही नाहीत. घरात सिनेमाची गाणी ऐकणारं माणूस एकच होतं. मी पुस्तकात तोंड घालून बसले होते आणि कान तापले होते. तुम्ही कॅसेट बाहेर काढलीत, भोकांतले बोळे चिमटीनं ओढून काढलेत, तळहातावर घेऊन पाहिलेत. मग एवढंच म्हणालात, "रजिस्टर पाहायचं असतं." नंतर आयुष्यभर त्यावर एक शब्द नाही. मारलं असतंत तर फिटलं असतं.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी बुवा आले. त्यांच्या मुलीची सोयरीक जमत होती, व्याह्यांना ऐकवायला कॅसेट हवी होती. तुम्ही त्यांना पाणी दिलंत आणि म्हणालात, "ती आता देता येत नाही." तुम्हाला तोंडानं खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून तुम्ही असं ऑफिसातलं वाक्य शोधलंत. बुवांनी दोनदा विचारलं, काहून. तुम्ही दोनदा तेच वाक्य. तेव्हा ते उठले आणि अंगणात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देता येत न्हाई? तहसीलीत बी असंच म्हणता का हो, पाकीट भेटूस्तोर?"

तुम्ही. ज्यांनी कुणाचा चहासुद्धा टेबलावर घेतला नाही. शेजारचे मास्तर कुंपणापाशी थबकले. तुम्ही दाराची कडी धरून उभे, आणि मी आतल्या दाराआड. तीन पावलं होती, नाना. मी मोजली होती. मी ती चालले नाही. त्यानंतर बुवा आपल्याकडे आले नाहीत, आणि पाकिटाचं ते वाक्य मात्र गावभर हिंडून आलं. रिटायर होईपर्यंत कुणी ना कुणी तुम्हाला ते हसत हसत ऐकवायचं. तुम्ही गेलात तेव्हा बुवा आले होते म्हणे, पण कोपऱ्यावरच्या पिंपळापासूनच परत फिरले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. आवाज गेला, बोलतात ते नुसतं वाऱ्यासारखं. "ताई, ते सारखं एकच म्हणून राहिले," ती म्हणाली, "कारकुनाकडं माहा आवाज हाय, तेवढा ऐकवा. तुमच्याकडं असंल का हो?" मी म्हणाले, या रविवारी.

म्हणून काल रजिस्टर. शेऱ्यात लाल शाईनं: "पुसली गेली. माझ्या हातून. शिल्लक: दुसरी बाजू, शेवटची चार मिनिटे, नुसते बोलणे." खाली तुमची सही. तोंडानं न येणारं खोटं तुम्हाला कागदावर आलं होतं. साऱ्या कारकून जातीचं नेमकं उलटं असतं. पण बघा ना, केवढी सोय करून ठेवलीत. सही आहे, अक्षर तुमचं आहे. रविवारी बुवांपुढे पान उघडायचं आणि म्हणायचं, बघा, नानांच्याच हातून झालं, सांगायला ओशाळले बिचारे. सगळ्यांची समजूत पटते. मेलेला माणूस तक्रार करत नाही. मी गेली वीस वर्षं वर्तमानपत्रात जे लोक दुसऱ्याच्या सहीमागे लपतात त्यांची सालं काढत आले. रात्रभर ते पान उघडून ठेवलं, आणि खरं सांगते, सकाळपर्यंत माझं ठरलं नव्हतं.

ते आले. बुवा पार वाळलेत, गळ्याला मफलर, पण डोळे तेच, माणसाला जागेवर उभं करणारे. सुनेनं हाताला धरून बसवलं. त्यांनी खोलीतले बस्ते पाहिले, एकेक चिठ्ठी वाचली, आणि फुसफुसले, "सारं बराबर ठिवलं की." मग माझ्याकडे वळून, "लाव."

मी शेवटची चार मिनिटंच लावली. पट्टा हळू फिरत होता. आधी खरखर, मग हार्मोनियमचा भाता मिटल्याचा आवाज, आणि मग बुवा, पडसं झालेले, पण कडकडीत: "आरं, त्यो हात हाय का खराटा? तबला वाजवून राहिला का अंगण झाडून राहिला?" तबलजी काहीतरी पुटपुटतो. बुवा म्हणतात, "माही आय बरी वाजवील, आन् ती भयरी हाय." मग आईचा आवाज, घाबरत: "झालं का? चहा टाकू का आता?" आणि सगळ्यांत शेवटी, टेपच्या अगदी जवळून, तुम्ही: "थांबा, थांबा, चालूच राहिलाय हा." खट्ट.

सून तोंडाला पदर लावून हसत होती. "मामंजी, असं बोलत व्हते तुमी?"

"ह्याच्याहून वंगाळ," बुवा म्हणाले. त्यांनी बोटानं गोल फिरवलं: पुन्हा. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी हात वर केला. "आता गानं लाव."

रजिस्टर माझ्या मांडीवर होतं, त्या पानात बोट घातलेलं.

"गाणं नाही, बुवा," मी म्हणाले. "त्याच्यावर दुसरं भरलं गेलं."

"कोनं भरलं? बापानं?"

बोट पानात होतं. मी बोट काढलं. "मी. बारावीत होते. सिनेमाची गाणी भरली. नानांना माहीत होतं, त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

"तवा कुठं व्हतीस? म्या अंगनात बोललो तवा?"

"दाराआड."

"ऐकलंस?"

"हो."

"मंग काहून न्हाई बोललीस?"

नाना, याचं एखादं बरं उत्तर असायला हवं होतं. "टेपला हात लावू देणार नाहीत अशी भीती वाटली," मी म्हणाले. "तेवढंच."

सून जमिनीकडे पाहत होती. बुवांनी मफलर सारखा केला. "पाकीट म्हनलो व्हतो म्या त्याला," ते म्हणाले, मला नाही, बस्त्यांना. "गल्लीभर." मग उठायला हात पुढे केला. निघताना मी पायाशी वाकले तर त्यांनी दोन्ही पाय मागे घेतले. "आज नगं," म्हणाले. रागानं नाही. नुसतं, आज नको. गाडीत बसताना सुनेनं हळूच विचारलं की ती चार मिनिटं मोबाईलवर पाठवता येतील का. मी लगेच पाठवली.

ते गेल्यावर हे लिहायला बसले. टपालात टाकायचं नाहीच, टाकणार कुठल्या पत्त्यावर. पण लिहिलेलं निदान खरं असावं म्हणून एक दुरुस्ती करते. वर मी लिहिलंय की तुमचा तो शेरा काल पहिल्यांदा वाचला. तसं नाही. तुम्ही लिहिलात त्याच आठवड्यात वाचला होता. रजिस्टर पाहायचं असतं म्हणालात, म्हणून पाहिलं. "माझ्या हातून" हे शब्द वाचले, रजिस्टर होतं तसं ठेवलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. बुवा अंगणात उभे होते तेव्हा मला तुमचं ते पान माहीत होतं.

रेकॉर्डमधली चूक खोडरबरानं काढायची नसते हे तुम्हीच शिकवलंत. एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. तुमच्या "माझ्या हातून"वर मी तशी रेघ ओढली. खाली लिहिलं, "मुलीच्या हातून." सही केली, आजची तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत रजिस्टर मिटलं नाही.