दसऱ्याचं तोरण कोणी बांधायचं

आई, काल दसरा झाला. आमच्या सूनबाईनं अमरावतीचा निम्मा झेंडू घरी आणला. ती नाशिकची, आणि घर सजवायचं सगळं शास्त्र तिच्या मोबाइलमध्ये. कोणत्या ऋतूत कोणतं फूल, त्याचा अर्थ काय, ते दारात ठेवायचं की टेबलावर, सगळं तिथं बघून करते. हे गेल्यापासून वर्षभर घरात सण नव्हता, पण फुलांना कसलं सुतक, असं तिचं म्हणणं. होळीच्या सुमारास परतवाड्याच्या रस्त्यावरून पळसाची फांदी आणून तिनं पितळी घागरीत उभी केली आणि म्हणाली, "आई, पळस म्हणजे नवी सुरुवात." पुढचे चार दिवस मी ती नवी सुरुवात झाडूनं गोळा करत होते.

तुझ्याकडे मोबाइल नव्हता, पण अर्थ तुझ्याकडेही होते. ते तू कुठून आणलेस, देव जाणे. अकोल्याचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. उन्हाळा आहे, तू माठात मोगऱ्याची फुलं टाकते आहेस आणि मला सांगते आहेस, "मोगरा पाहुना हाय. एक रात राह्यते न चालला जाते." शेवंतीला तू लेक म्हणायचीस, कारण तोडून दुसऱ्या घरी नेली तरी कितीतरी दिवस टवटवीत राहते. पारिजातकाच्या फांदीला मी एकदा हात घातला तर तू हातावर चापट मारलीस. "तोडत नसतेत वं ते. पडलं तेच आपलं." आणि झेंडू म्हणजे भरलं घर. एका देठावर किती जण नांदतात ते तू मला पाकळ्या सोडवून दाखवलं होतंस. बाबा गेल्यावर आपल्या घरात आपण दोघीच उरलो होतो, तरी तू झेंडूचा अर्थ बदलला नाहीस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेताच्या धुऱ्यावरचा झेंडू पाटी भरून यायचा. तू दाभण आणि सुतळी घेऊन बसायचीस, एक आंब्याचं पान, मग फुलं, मग पुन्हा पान. आळीतल्या दोन-तीन घरांची तोरणंही तूच करून द्यायचीस. आपलं मात्र मी बांधायचे. तू माझे गुडघे कवेत धरून मला वर उचलायचीस, तुझं तोंड माझ्या फ्रॉकमध्ये दडलेलं असायचं, तुला काही दिसायचं नाही, आणि तू खालून विचारायचीस, "सरळ झालं का वं?" मी राणीसारखी थाटात सांगायचे, झालं म्हणून. एकदा मी विचारलं, तू काहून नाही बांधत? तू म्हणालीस, "माहा हात नाई पुरत." फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणातला डबा तू टाचाही न उचलता काढायचीस, पण सात-आठ वर्षांच्या पोरीला एवढा हिशोब कुठला जमायला.

जमला तो लग्नानंतर. त्या वर्षी मी दसऱ्याला अकोल्याला आले, एसटी मूर्तिजापूरला बंद पडली आणि घरी पोचेपर्यंत दुपार टळून गेली. सगळ्या आळीची दारं सजलेली, आपलं उघडं. तोरण पाटीत होतं, त्यावर ओलं फडकं, आणि शेजारी तू बसलेली. मला इतका संताप आला. मी म्हटलं, बांधायचं ना तूच, कोण काय म्हणणार होतं? तू फडकं बाजूला केलंस आणि एवढंच बोललीस, "माह्या घरी लेक हाय न." मी रडत रडतच ते तोरण बांधलं, आणि मग आपण दोघी जेवलो.

काल तसंच तोरण माझ्या मांडीवर होतं. मोर्शीहून नणंदबाई आल्या होत्या. मी उठले तशा त्या हळूच म्हणाल्या, "वैनी, तुमी राहू द्या. सूनबाई बांधते. लोकं काय म्हनतीन." त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण माझे पाय जागच्या जागी थांबले. वर्षभर सण नसल्यानं हा प्रश्न आलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी तोरण पुढं करायला हातही उचलला होता. सूनबाईनं ते घेतलं नाही. ती म्हणाली, "आत्या, फुलं आईंनी निवडली, ओवली त्यांनी, आता बांधायलाच तेवढी मी कशाला?" आणि फोनवर कोणाशी तरी बोलायला निघून गेली. मुद्दाम गेली, मला माहीत आहे.

मग मी स्टूल ओढलं. आई, माझे गुडघे काही तुझ्यासारखे नाहीत, चढताना स्टूल डुगडुगलं आणि नणंदबाई ओरडल्या, "पडसान ना!" ओरडत ओरडतच त्यांनी येऊन दोन्ही हातांनी स्टूल धरलं. डावीकडची गाठ बसली, उजवीकडचा खिळा सैल होता, तो मी वाटीनं ठोकला. एक बाजू जरा खाली आली आहे. नणंदबाईंनी मान वर करून पाहिलं आणि चहा ठेवायला गेल्या.

आज सकाळपासून तुला सांगावंसं वाटत होतं, म्हणून लिहायला बसले. हा कागद टाकायचा कुठल्या पेटीत, ते मला ठाऊक नाही. सुरुवातीला लिहिणार होते की आई, मी ते तुझ्या वाटचं बांधलं. वाचायला छान वाटलं असतं. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. स्टुलावर उभी असताना मला तुझी आठवण आली नाही. यांचीही नाही. हातांना झेंडूचा वास येत होता, आणि मला फार मजा येत होती.