मुलं बसमध्येच राहिली

१२ जानेवारी, ब्रँडन (कॅनडा)

आज मुलं बसमध्येच राहिली!

बावीस वर्षं हेच भाषण करतेय. हिमवादळ, बर्फात रुतलेली शाळेची बस, आत भेदरलेली पोरं आणि स्टिअरिंगवर मी. शेवटी बर्फ उपसणारा ट्रॅक्टर येतो, सगळे सुटतात, लोक डोळे पुसतात. आज ट्रॅक्टर आणायचाच विसरले. बर्फात अडकलेल्या पोरांवरच "धन्यवाद" म्हणून खाली बसले. डेअरीवाल्यांचं अख्खं संमेलन माझ्याकडे बघतंय. मग मागच्या रांगेतून एका बाईंनी बिचकत विचारलं, "अहो, पण मुलं वाचली का?"

वाचली, म्हटलं. मग कुठे टाळ्या पडल्या.

१३ जानेवारी, घरी

ऑरिनला सगळं सांगितलं. वाटलं, नवरा निदान हसेल तरी. त्याने मान हलवली आणि सूप पुढे सरकवलं. वर्षभर हे असंच चाललंय. काहीही सांगा — "हं." रुसलाय बहुतेक, मी सारखी गावोगाव. विचारायला हवं. पण घरी आले की तोंड उघडायचंही त्राण उरत नाही.

१५ जानेवारी

माझे कार्यक्रम ठरवणाऱ्या लॉरेटचा फोन. ब्रँडनची बातमी तिच्यापर्यंत पोचलीच! तिचं म्हणणं, मला भाषण दमवत नाही. आधीची मेजवानी आणि नंतरचं हस्तांदोलन दमवतं. तिने नियमच घालून दिले. भाषणाआधी जेवण नाही. तासभर आडवं पडायचं. रविवार घरचा.

२३ जानेवारी, डॉफिन

नियमांचा पहिलाच दिवस. इथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष नादिया कोस्टिउक न्यायला आल्या. भाषणाआधी मी जेवत नाही, असं त्यांना बजावून सांगितलं.

"जेवण नाहीच मुळी," त्या म्हणाल्या. "नुसते पेरोगी."

नुसते! करंजीसारखे, पोटात बटाटा, वर लोण्यात परतलेला कांदा, आणि ताट रिकामं दिसलं की आणखी सहा. मग जरा आडवी होते म्हटलं, तर पाहुणीला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी आपल्या बहिणीला सोबतीला बसवलं. बहिणीने पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं. टाक्यांसकट.

शेवटी हॉलमधल्या कोट ठेवायच्या खोलीत जाऊन लपले. कोटांचा ढीग होता, त्यावर पडले. ऊबदार! डोळा कधी लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा एक गृहस्थ माझ्या पाठीखालून आपला कोट ओढत होते. अगदी हळूहळू, मी उठू नये म्हणून. खिशात गाडीची किल्ली होती म्हणे, आणि मला उठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

तिथून थेट व्यासपीठावर. एवढ्याशा झोपेने काय तरतरी येते! ट्रॅक्टर वेळेवर आला. पोरं सुटली. एका आजोबांनी तर उभं राहून शिट्टी मारली.

२७ जानेवारी

लॉरेट आता सगळ्यांकडे कोटांची खोली मागते. एका आयोजकाने विचारलं म्हणे, कोट कोणत्या मापाचे लागतील?

२ फेब्रुवारी

आज एका कार्यक्रमाला नाही म्हटलं. फोन ठेवून आभाळ कोसळायची वाट पाहिली. काहीही झालं नाही. दुपारी केक केला.

८ फेब्रुवारी, रविवार

ऑरिन मला गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला घेऊन गेला. बर्फावरच उभ्या केलेल्या इवल्याशा खोपटात, बर्फात पाडलेल्या भोकापाशी दोघं शेजारी शेजारी बसलो. अंगात जरा जोर होता. ठरवलं, आज विचारूनच टाकायचं.

मासे बुजतील म्हणून हळूच विचारलं, "माझ्यावर रागावलायस का रे?"

पुन्हा विचारलं. तो आपला गळाकडे बघत बसलेला. इतकं तोडून टाकलंय मला? परक्या लोकांना बावीस वर्षं रडवत आले, आज त्या खोपटात स्वतःच रडायला लागले. हुंदक्याने खुर्ची हलली तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं. घाबरलाच.

"अगं व्हर्ना, मासा नाही लागला म्हणून रडायचं?"

९ फेब्रुवारी

रागबिग काही नाही. ऑरिनला वर्षभर डाव्या कानाने ऐकूच येत नाहीये. टेबलाशी, गाडीत, खोपटात — मी कायम त्याच्या डावीकडे.

"मला वाटायचं, तू दमलीयस म्हणून हळू बोलतेस," म्हणाला. "म्हणून पुन्हा बोलायला लावत नव्हतो."