बाबांची गाडी आणि क्लबची किटली

३ मार्च

बाबांची गाडी पुन्हा उकळली. हॉरॉक्सच्या खिंडीत, त्याच वळणावर, त्याच गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडाखाली. गाडी एकसष्ट सालची — बाबांहून बारा वर्षांनी लहान, हट्टीपणात बरोबरीची.

फोनवर आवाज निवांत. "टॅम्सिन, घाई नको गं. मर्ल थांबलीय सोबतीला. चहा टाकलाय."

जुन्या गाड्यांच्या क्लबचा नियम असा : सहलीत ज्याची गाडी उकळेल त्याने क्लबची चेपलेली किटली घरी न्यायची आणि दुसऱ्या कुणाची उकळेपर्यंत सगळ्यांना चहा पाजायचा. गेलं वर्षभर किटली आमच्याच स्वयंपाकघरात आहे. मर्ल पास्को पूर्वी अँब्युलन्स चालवायची. तिची गाडी कधीच उकळत नाही, तरी दर वेळी तीच थांबते. मी पोचले तेव्हा दोघं घडीच्या खुर्च्यांवर बसून क्वांडाँगच्या रानफळांची वडी खात होती. आणीबाणी वगैरे काही दिसली नाही.

महिनाअखेर मी नोकरीसाठी कराथाला जातेय, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आई गेल्यापासून बाबा एकटे. पुढच्या वेळी गाडी ओढून आणायला मी नसेन. तेव्हा जायच्या आत ही गाडी थंड राहायला शिकली पाहिजे. बाबा एकटे त्या वळणावर अडकलेले मला नकोत.

५ मार्च

पंप ठीक. पट्टा ठीक. रेडिएटर आतून स्वच्छ. म्हणजे कमी पडतेय ती हवा.

रेडिएटरच्या पुढ्यात काय काय आहे ते पाहिलं. दोन मोठे दिवे, क्लबचे पितळी बिल्ले, आणि मधोमध प्यायच्या पाण्याची कॅनव्हासची पिशवी.

"ओल्या पिशवीवरून वारा गार होऊन आत जातो," बाबा म्हणाले. "आपल्याकडे सगळेच लटकवतात."

"आणि सगळ्यांच्याच गाड्या तापतात. पिशवीने वारा अडतो, बाबा. गार होतं ते फक्त पिशवीतलं पाणी."

"मर्लची कुठे तापते?"

"मर्ल पिशवी मागे बांधते."

"हो? माझ्या कधी लक्षात नाही आलं."

"दर सहलीला तिच्या मागेच तर असता."

"मी काय गाडीकडे बघत बसतो होय?"

मी दिवे सोडवायला घेतले.

८ मार्च

बॉनेटची मागची कड बाबांनी बिजागरीखाली वॉशर घालून उचलली आहे, गरम हवा निघून जावी म्हणून. क्लबात हा तोडगा वडिलोपार्जित आहे.

वाद घातला नाही. बॉनेटच्या मागच्या कडेला लोकरीचे तुकडे चिकटवले आणि बाबांना हायवेला न्यायला सांगितलं. गाडी हळू होती तोवर तुकडे वर उडत होते. वेग धरल्यावर सगळे फटीतून आत वळले.

"काचेपाशी वाऱ्याचा दाब वाढतो," मी म्हणाले. "हवा बाहेर पडत नाही, आत घुसते. मग पुढून येणाऱ्या वाऱ्याला जायला वाट कुठली?"

"चाळीस वर्षं सगळे असंच करत आलेत."

"म्हणून तर किटलीला कधी गंज चढला नाही."

बाबा हसले. मग म्हणाले, "तुझ्या आईची लोकर आहे ती."

"हो. लाल आहे. लांबून दिसते."

९ मार्च

वॉशर काढले. बॉनेट नीट बसलं. बाबा रुसले.

१२ मार्च

वारा आळशी असतो. रेडिएटरच्या जाळीतून जायचे कष्ट नकोत म्हणून कडेच्या फटींतून निसटतो. आज सगळ्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. पंख्याभोवती पत्र्याचा घेर बसवला — पाती निम्मी आत, निम्मी बाहेर. आता पंखा हवा ओढतो ती रेडिएटरमधूनच.

बाबांनी पत्रा धरला होता. म्हणाले, "अगदी तुझ्यासारखी झाली गाडी. कुठून काही शिरायला जागा म्हणून नाही."

मी त्यांना पत्रा सरळ धरायला सांगितलं.

१४ मार्च

खिंडीत चाचणी. ऊन छत्तीस अंशांचं, चढ पूर्ण, तापमानाचा काटा अठ्ठ्याऐंशीवरून हलला नाही. गेल्या दोन वर्षांतलं माझं सर्वांत नीटनेटकं काम.

ते झाड आलं तसा बाबांनी वेग कमी केला.

"काय झालं?"

"काही नाही. इथे थांबतो ना आपण."

"उकळली तर थांबायचं. उकळली नाहीये."

"नाही ना," बाबा म्हणाले. रजा नामंजूर झालेल्या माणसासारखे.

काटा मी वहीत टिपला. तो स्वर कुठे टिपायचा ते कळलं नाही.

१७ मार्च

सहल. किटली घासूनपुसून मागच्या सीटवर. आम्ही न थांबता खिंड चढलो, पलीकडच्या विल्मिंग्टन गावात सगळ्यांच्या आधी. क्लबचा अध्यक्ष नेव्ह बाबांच्या कपाळाला हात लावून म्हणाला, "गार्थ, तब्येत बरी आहे ना? आता चहा कुणाच्या हातचा प्यायचा आम्ही?"

बाबा हसले, पण डोळे रस्त्यावर. एकेक गाडी येत गेली. मर्लची आली नाही.

मग बाबांचा फोन वाजला. "उकळली? तुझी?" — आणि मी दार लावायच्या आत त्यांनी गाडी वळवली. उतरणीवर ते किती वेगाने गेले ते लिहीत नाही.

झाडाखाली बॉनेट उघडं. सावलीत घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. दोनच.

"अगं, तू कशाला आलीस उन्हाची?" मर्ल मला म्हणाली. मी इंजिनाकडे वळले तशी घाईने म्हणाली, "हात नको लावू हं, भाजेल."

बाबा किटली घेऊन उतरले. "नियम म्हणजे नियम, पास्को. आता ही तुझ्या घरी."

"येईन की घ्यायला," मर्ल म्हणाली. "पण चहा करायला शिकवायला तूच यायचं."

मी बॉनेटखाली वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

१८ मार्च

सकाळी बाबांनी विचारलं, मर्लच्या गाडीत नेमका बिघाड काय होता.

काल मी पाहिलं तेव्हा तिचा काटा नेहमीच्या जागी होता. पाणी काठोकाठ. खालची माती कोरडी.

मी म्हणाले — थर्मोस्टॅट. खात्रीने काही सांगता येत नाही. पुन्हा अडकेल, तुम्ही लक्ष ठेवा.