दोनशे सात नंबरची सुट्टी

३० ऑगस्ट २०१४, शनिवार

पोचलो एकदाचा! शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातली ती बारा जणांची खोली सुटली. तिथल्या ढेकणांना शेवटचा सलाम ठोकला आणि सकाळी कंपनीच्या बसने वाळवंटातल्या या लष्करी कॅम्पवर येऊन पडलो. इथे खोलीत दोघंच. एसी नवा, पाणी गार, संडासाला रांग नाही. आणखी काय पाहिजे माणसाला?

मी सूर्यकांत, चिपळूणजवळचा, पिढीजात न्हावी. २००७ साली दुबई मरीनातल्या चकाचक सलूनमध्ये गोऱ्या साहेबांचे केस कापत होतो. मग ती मंदी आली. साहेब लोक रातोरात गायब, सलूनला टाळं, आणि मी पाच वर्षं लेबर कॅम्पातली डोकी भादरत बसलो. आता या देशाने कायदा केलाय की इथल्या पोरांनी शाळा संपली की सक्तीने लष्करी ट्रेनिंग घ्यायचं. पोरं आली म्हणजे डोकी आलीच, आणि डोकी आली म्हणजे आमचं पोट.

काल घरी गणपती आले. आभा तीन आठवड्यांची झाली. लेकीला अजून पाहिलं नाही, फोटोतसुद्धा नाही, कारण कॅमेऱ्याचा फोन या कॅम्पात चालत नाही म्हणून कंपनीने आधीच काढून घेतला आणि बटणांचं एक डबडं हातात दिलं. कंपनीचे अनिल साहेब म्हणाले, तुकडीचं ट्रेनिंग संपलं की लगेच सुट्टी. साहेब पुण्याचे, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बायकामुलांसकट राहतात. माझा पासपोर्ट त्यांच्याच कपाटात असतो. म्हणे सेफ असतो.

३१ ऑगस्ट, रविवार

चारशे बारा डोकी! मी आणि जमाल, दोघांत. जमाल माझा जोडीदार, हैदराबादचा, अरबी फाडफाड बोलतो. मशीन झिरो नंबरवर लावायचं आणि कपाळापासून मानेपर्यंत नांगर घालायचा. मशीनं इतकी तापली की हात भाजले.

पोरं कसली, राजपुत्र सगळे. जेल लावून, सेंट मारून, पांढऱ्या कंदुऱ्यात, म्हणजे त्यांच्या पायघोळ अंगरख्यात आले. केस पडायला लागले तशी दोघं-तिघं चक्क रडली. आधी मला मजा वाटली, खोटं कशाला लिहू? मग वाईट वाटलं. अठरा वर्षांची लेकरं ती. आम्हा कोकणातल्या माणसांना एक खोड असते, कुणी भेटला की 'घरी या' म्हटल्याशिवाय जीभ राहत नाही. मी प्रत्येकाला आपल्या हिंदीत सांगत होतो की रडू नकोस रे बाबा, ट्रेनिंग संपलं की आमच्या घरी ये, आंबे खायला घालतो. पोरं हसायची. हबीबी म्हणायची आणि उठून जायची.

जमाल नमाजाला गेला तेव्हा शेवटचा आला. हातात चिठ्ठी, दोनशे सात नंबर. कंदुऱ्यावर वाळूच वाळू. डोकं गारढोण लागलं, एसीखाली बसून असेल. घरच्या ड्रायव्हरकडून शिकलेली असावी, हिंदी चांगली बोलला. मी घरी ये म्हटल्यावर हसला मात्र नाही. विचारलं, हे नुसतं म्हणायचं, इन्शाल्लावालं निमंत्रण आहे की खरं? मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे गणपतीचे दिवस आहेत, खोटं नाही बोलणार, पक्कं समज.

९ सप्टेंबर, मंगळवार

दर मंगळवारी इन्स्पेक्शनच्या आधी सगळ्यांचे केस पुन्हा झिरो करायचे असा नियम आहे. नऊ दिवसांत तांदळाच्या दाण्याएवढे वाढतात. पोरं उन्हाने काळवंडलीत, पायांना फोड आलेत, पण उठताना आता 'थँक्यू' म्हणतात. शावीश म्हणजे हवालदार दिवसभर यल्ला यल्ला करून त्यांना पिदडतो. आईच्या हातचं खाऊन वाढलेली पोरं स्वतःची चादर घडी करायला शिकली. बरं वाटतं बघून.

दोनशे सात पुन्हा शेवटी आला, जमाल नमाजाला गेल्यावर. केस वीतभर. म्हटलं, अरे, पहिल्या दिवशी झिरो मारला होता ना तुला? तो उलट माझंच गाव कुठलं, घराला कसं जायचं ते विचारत राहिला. मी सगळं सांगितलं. एसटीतून उतरायचं, पूल ओलांडायचा, विहिरीमागचं पहिलंच घर, चौदा पायऱ्या. सात वर्षांत इथल्या एकाही माणसाने मला तुझं घर कुठे म्हणून विचारलं नव्हतं. 

१६ सप्टेंबर, मंगळवार

दोनशे सातचे केस परत वीतभर. वाळू पण. आज घरात कोण कोण असतं ते विचारलं. म्हटलं, बायको कावेरी, वडील, आणि आमची आभा, सव्वा महिन्याची. किती वजनाची आहे, म्हणाला. मी म्हटलं, कसं सांगू, मी अजून हातात घेतली नाही तिला. तो म्हणाला, मी घेऊन बघतो.

काय बोलतात पोरं!

नमाजाहून आल्यावर जमालने झाडू मारला. एवढे लांब केस कुणाचे म्हणून विचारत होता. मी नंबर सांगितला. 

१७ सप्टेंबर, बुधवार

आज कळलं. 

जमालने शावीशला विचारलं. दोनशे सात नंबरचा पलंग पहिल्या दिवसापासून रिकामा आहे. हजर व्हायला येताना पहाटे हायवेवर त्याची गाडी उलटली. जागीच गेला. चारशे तेरा यायचे होते, चारशे बारा आले.

जमाल म्हणतो, नमाजाहून परत येताना त्याने खिडकीतून तीनदा पाहिलंय. मी रिकाम्या खुर्चीवर मशीन फिरवत होतो आणि बोलत होतो. त्याला वाटलं, उन्हाने चळलो असेन. उगाच नोकरी जायची म्हणून गप्प बसला. पण केस? केस त्यानेच झाडले ना! ते त्यालाही सांगता येत नाहीये.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आला. मी जमालला सांगितलं होतं, आज नमाजाला जाऊ नकोस, इथेच चटई टाक. हो म्हणाला, आणि ऐन वेळी शावीशने त्याला बोलावून नेलं.

पळायचं ठरवलं होतं. पाय हलेनात. हात आपले आपण मशीन फिरवत होते. डोक्याला हाताखाली वाळू लागत होती, आतून.

म्हणाला, ईदची सुट्टी मिळतेय सगळ्यांना, येत्या दोन तारखेपासून. सगळे घरी जाणार. त्याच्या घरी त्याचं सगळं, दुखवटासुद्धा, खलास झालंय, कुणी वाट बघत नाही. म्हणून तो आमच्याकडे येणार.

२४ सप्टेंबर, बुधवार

अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. आधी शिव्या घातल्या, आणि मग रडायला लागले. माझा बाप रडला.

गावातली दहाव्याची सगळी मुंडणं अण्णांनी केली. मी लहानपणी सोबत जायचो. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नाही, कुणाला 'या' म्हणायचं नाही, मान खाली घालून सरळ चालू पडायचं. हे मला दुधाच्या दातांपासून ठाऊक. पण मला काय माहीत, माझ्या खुर्चीत मयत बसलंय? अण्णा म्हणाले, माहीत असो नसो, त्याचं मुंडण करून तू त्याला घरी बोलावलंस, तोही पक्कं म्हणून.

उपाय एकच. ज्याने बोलावलं, त्यानेच आपल्या घराच्या दारात उभं राहून नाही म्हणायचं. दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नाही. म्हणजे दोन तारखेच्या आत मला घर गाठायचं आहे. आठ दिवस.

२५ सप्टेंबर, गुरुवार

अनिल साहेब आले होते. गाडीत त्यांचा मुलगा. मी साहेबांशी मराठीत बोललो तर तो पोरगा इंग्रजीत म्हणाला, पप्पा, कॅन वी गो नाऊ. मी पाया पडलो साहेबांच्या. खरोखर पडलो. मुलगी आजारी आहे म्हणालो. साहेब फार गोड बोलतात. म्हणाले, सूर्यकांत, मी तुझी फीलिंग समजतो रे, पण ट्रेनिंगच्या मध्ये रिप्लेसमेंट कुठून आणू? पासपोर्ट ईदनंतर बघू. इन्शाल्ला.

पुण्याचा माणूस, आणि मला इन्शाल्ला म्हणतो.

२८ सप्टेंबर, रविवार

पुन्हा फोन. साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा फोन, साहेब बिझी. जमालने शावीशला गळ घातली. शावीश बिचारा भला माणूस, पण म्हणाला की तू कंपनीचा, मी काय करणार.

त्या पोरांना सक्ती फक्त काही महिन्यांची. आमची कधी संपते ते कुठल्या कायद्यात लिहिलंय?

कावेरीला म्हटलं, आभाला घेऊन माहेरी जा. ती म्हणाली, दसऱ्याच्या तोंडावर कशाला? तुम्हाला ऊन लागलंय, लिंबू-पाणी प्या. अण्णांनी तिला खरं सांगितलं नाही. बाळंतीण आहे, घाबरेल म्हणतात.

३० सप्टेंबर, मंगळवार

मी बोललो त्याला. मशीन खाली ठेवलं आणि हात जोडून बोललो. येऊ नकोस. माझं चुकलं. निमंत्रण मागे घेतो. लेकरू आहे घरात.

तो हसला. पहिल्यांदाच. म्हणाला, नाही म्हणायचं तर मालकाने आपल्या दारात उभं राहून म्हणायचं असतं. इथे तुम्ही मालक कुठे? नोकर आहात.

अण्णांचंच बोलणं. त्याला कुणी —

१ ऑक्टोबर, बुधवार

गेटपर्यंत गेलो. हायवेपर्यंत चालत जाणार होतो. पासपोर्ट नाही, तर कुठे जाणार मी? पहारेकऱ्याने पाणी पाजलं आणि परत आणून सोडलं.

साहेबांचा मेसेज: 'रिलॅक्स. आफ्टर ईद.'

अण्णा म्हणाले, दारात मीच बसतो. हलणार नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळ

बसेस निघाल्या. पोरं गाणी म्हणतायत. शावीशने बसच्या दाराशी मोजली. चारशे बारा. मी मागून मोजली.

चारशे तेरा.

दुपार

कावेरीचा फोन. खुशीत होती. म्हणाली, तुमच्या कॅम्पातला एक मुलगा आलाय, उंच, गोरा, केस वाढलेले. अण्णांना अचानक चक्कर आली म्हणून शेजारचे त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले आणि तेवढ्यात हा आला. पाणीसुद्धा घेत नाही. म्हणाली, तुम्हाला वेळ नाही, पण परका पोरगा बाळ बघायला आला.

मी ओरडलो. आभाला उचल, आधी उचल तिला. ती म्हणाली, त्याच्याच हातात आहे, रडत नाही अजिबात, आणि तुम्ही ओरडता काय असे?

मग ती अंगणात गेली वाटतं. हाक मारत होती. अहो भाऊ, कुठे निघालात तिला घेऊन? परत फोनवर आली तेव्हा आवाज बदलला होता. तो म्हणाला म्हणे, बापाने अजून पाहिली नाही, दाखवून आणतो.

आणि पायऱ्यांवर कुणी नाही. चौदाही पायऱ्या रिकाम्या. ती किंचाळतेय —

फोन कट झाला. लागत नाही. लागत नाही.

जमाल नमाजाला गेलाय. दार उघडलं. मी मान वर केलेली नाही. लिहितोय तोवर मान वर करायची नाही.

खुर्ची कुरकुरली. वाळू पडतेय फरशीवर. बाळाच्या तेलाचा वास येतोय.

म्हणतोय, घ्या, बघा एकदा. मी बघणार ना — माझीच ना ती — इतके दिवस मी नुसतं हेच तर —

गार आहे. कावेरी, ती किती गा